पल्ला किती लांबचा हवा?

या वेळच्या टपालात ब्रिज कॅमेऱ्यांबद्दल, म्हणजे भिंग न काढता येणाऱ्या लांब झूमच्या कॅमेऱ्यांबद्दल, बरीच पत्रं आहेत, म्हणून हे पान त्यांनाच दिलं आहे. पहिल्या पत्राला जागा जास्त लागली, कारण बाकीच्यांच्या बऱ्याचशा शंकांचं मूळही तिथंच आहे.

प्रश्न: मॅडम, माझं वय ६३. रोज सकाळी तळ्याकाठी फिरायला जातो. समोरच्या काठावर एक वाळकी फांदी पाण्यावर झुकलेली आहे, तिच्यावर लहान खंड्या येऊन बसतो. अंतर पावलांनी मोजलं, साधारण ४० मीटर भरलं. मोबाइलमध्ये निळा ठिपका येतो, बाकी काही नाही. तीन कॅमेरे डोळ्यासमोर आहेत: निकॉनचे पी१००० आणि पी९५०, आणि सोनीचा आरएक्स१० मार्क ४. मुलगा म्हणतो, एकदाच घ्यायचा तर १२५ एक्सवालाच घ्या. सोनी फक्त २५ एक्स, तरीही तिघांत महाग, हे कसं? उजव्या मनगटाला जुनं दुखणं आहे, तेही सांगून ठेवतो.

उत्तर: तुम्ही अंतर मोजून लिहिलंत, याचा मला फार आनंद झाला. ‘पक्ष्यांसाठी कॅमेरा सुचवा’ एवढंच पत्र आलं की मला उलट विचारावं लागतं, पक्षी कोणता, किती लांब, किती वाजता. तुमच्या पत्रात सगळं आहे, त्यामुळे नेमकं सांगता येईल.

आधी एक्सचं बघू. झूमच्या लांबच्या टोकाला जवळच्या टोकाने भागलं की एक्स येतो. पी१००० चं भिंग २४ पासून ३००० मिमीपर्यंत जातं, म्हणून १२५. पी९५० चं २४ ते २०००, म्हणून ८३. सोनीचं २४ ते ६००, म्हणून २५. तुमच्या यादीत नसलेला कॅननचा एसएक्स७० घ्या, त्याचं भिंग २१ पासून १३६५ पर्यंत, म्हणून ६५. तेच भिंग २४ पासून सुरू झालं असतं तर आकडा ५७ वर आला असता, आणि पक्षी मात्र तितकाच मोठा दिसला असता. तेव्हा खोक्यावरचा एक्स सोडा आणि लांबच्या टोकाचे मिमी वाचा.

आता तुमच्या फांदीकडे येऊ. ४० मीटरवर पूर्ण झूम केलं तर सोनीच्या चौकटीत सुमारे २.४ मीटर रुंदीचा देखावा मावतो, पी९५० मध्ये ७० सेंटिमीटरच्या आसपास आणि पी१००० मध्ये जेमतेम ४५. लहान खंड्या चोचीपासून शेपटीपर्यंत १६-१७ सेंटिमीटर. म्हणजे तो सोनीत सुमारे ३७५ पिक्सेल लांबीचा येईल, पी९५० मध्ये ११०० आणि पी१००० मध्ये १६५०.

इथवर तुमच्या मुलाचं म्हणणं बरोबर वाटतं. पण पिक्सेल जास्त म्हणजे बारकावा तितकाच जास्त, असं होत नाही. प्रकाश अरुंद दारातून आत शिरला की थोडा पसरतो. काच कितीही चांगली असो, प्रत्येक बिंदूची एक बारीक चकती होतेच. पी१००० पूर्ण ताणला की एफ/८ वर येतो, म्हणजे दार भिंगाच्या लांबीच्या एक अष्टमांशच रुंद उरतं. तिथं ही चकती जवळजवळ आठ पिक्सेल रुंद असते, म्हणजे बरेचसे पिक्सेल शेजाऱ्याचंच चित्र पुन्हा काढत असतात.

खरा बारकावा ठरतो तो भिंगाच्या दाराच्या रुंदीवर. त्याचा हिशेब सोपा आहे: खरी फोकल लांबी भागिले एफ-आकडा. वरचे २०००, ३००० हे ३५ मिमी फिल्मच्या हिशेबाने बोलायचे आकडे. खरी लांबी पी१००० ची ५३९ मिमी, तिला ८ ने भागा, ६७ मिमी. पी९५० ची ३५७, एफ/६.५, उत्तर ५५ मिमी. सोनीची २२०, एफ/४, उत्तर पुन्हा ५५ मिमी. मी हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा बराच वेळ त्या दोन ५५ कडे बघत राहिले होते. एवढे वेगळे दिसणारे दोन कॅमेरे, पण ४० मीटरवरच्या त्या खंड्याकडून दोघंही तेवढाच उजेड गोळा करतात! आणि पी१००० कागदावर दीडपट लांब असला तरी दाराच्या हिशेबाने पी९५० च्या सव्वापटीच्याही आतच राहतो.

मग सोनी महाग का? त्याचा सेन्सर, म्हणजे प्रकाश टिपणारी चिप, १३.२ गुणिले ८.८ मिमीचा. नावात एक इंच असला तरी एवढाच, पण निकॉनच्या सेन्सरच्या चौपट क्षेत्रफळाचा. निकॉनचा जेमतेम ६.२ गुणिले ४.६ मिमी, करंगळीच्या नखाहून लहान. शिवाय लांबच्या टोकालाही एफ/४, फोकसचे ३१५ बिंदू, सेकंदाला २४ फोटो. पक्षी दहा-बारा मीटरवर असेल, उडत असेल, कातरवेळ असेल, तर सोनीसमोर बाकी दोघांचं चालत नाही. उडत्या पक्ष्यासाठी या तिघांतला मी फक्त सोनीच सुचवते. पण तुमचा खंड्या बसलेला आहे, आणि ४० मीटरवर. तिथं सोनीचा फोटो कापून मोठा करावा लागणार, आणि कापला की मोठ्या सेन्सरचा फायदाही कापलेल्या भागाबरोबर जातो.

एक साधी कसोटी सांगते. लहान खंड्याच्या मादीच्या चोचीचा खालचा भाग नारिंगी असतो, नराची चोच जवळजवळ पूर्ण काळी. चोच सुमारे चार सेंटिमीटरची. सोनीत तिच्या वाट्याला ९० पिक्सेल येतील, पी९५० मध्ये २६५. नर की मादी ते दोन्हींत कळेल. पण पी९५० मध्ये नारिंगी नेमका कुठून सुरू होतो, टोकाशी काळं किती उरलंय, चोचीवर पाण्याचा थेंब लोंबतोय का, हेही दिसेल. मागच्या हिवाळ्यात मला असाच एक थेंब मिळाला. मादी नुकतीच सूर मारून वर आली होती, मासा हुकला होता, आणि चोचीच्या टोकाला मोहरीएवढा थेंब. तो गळायच्या आत तीन फोटो झाले. त्यातला एक हललेला, एक बरा, आणि एकात डोळ्यातली उन्हाची ठिणगीसुद्धा आली होती. मी पी९५० वापरते, त्याआधी पी९०० वापरला. तोही याच पल्ल्याचा आहे, फक्त तो रॉ फाइल (सेन्सरची कच्ची नोंद) देत नाही, पी९५० देतो.

म्हणून तुमच्यासाठी माझं उत्तर पी९५०.

मनगटाचं दुखणं हेही त्याचं मोठं कारण. पी९५० एक किलोला टेकतो, पी१००० चं वजन १४१५ ग्रॅम. चारशे ग्रॅमचा फरक दुकानात जाणवत नाही. खंड्या येईपर्यंत वीस मिनिटं कॅमेरा डोळ्याशी धरून उभं राहा, मग जाणवतो. दोन्हींपैकी कोणताही घेतलात तरी सोबत मोनोपॉड घ्याच. एक पाय जमिनीवर टेकला की मनगटावरचा भार जातो, हात फक्त दिशा देतो. पी९५० साठी कंपनी कंप रोखण्याचा दावा ५.५ स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे शटरला दुप्पट वेळ) करते आणि बसल्या पक्ष्यावर तो बऱ्यापैकी खरा ठरतो, पण त्याने तुमचा हात सावरला जातो, खंड्याची मान नाही. तो मान झटकन वळवतो, शटर १/५०० सेकंदाहून मंद ठेवू नका. आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेड वाढवण्याची पातळी, मी या कॅमेऱ्यावर ८०० च्या पुढे नेत नाही. त्यापुढे पिसांच्या रेषा जातात आणि सपाट रंग उरतो. म्हणजे सूर्य थोडा वर येऊन फांदीवर ऊन पडेपर्यंत थांबायचं. उन्हात तो निळा रंग जसा पेटतो, तसा आधीच्या उजेडात पेटतच नाही.

आणि एक. सत्तर सेंटिमीटरच्या चौकटीत पक्षी सापडणं हीच खरी कसोटी. पहिल्या आठवड्यात तुम्ही फांदी शोधत राहाल आणि खंड्या उडून जाईल. याला उपाय सवयीचा. पी९५० च्या भिंगाच्या डाव्या बाजूला एक बटण आहे, ते दाबून धरलं की चौकट क्षणभर रुंद होते, सोडलं की परत तिथल्या तिथं येते. त्या बटणावर अंगठा डोळे मिटून गेला पाहिजे. घरी खिडकीत बसून समोरच्या झाडाचं एकेक पान टिपायचा सराव करा, रोज दहा मिनिटं. दोन्ही डोळे उघडे ठेवा, एक व्ह्यूफाइंडरमध्ये (डोळा लावायच्या खिडकीत) आणि एक झाडावर. पंधरा दिवसांत हात बसतो.

२०२५ मध्ये पी११०० आला, पण त्याचं भिंग पी१००० चंच आहे. त्यासाठी थांबायचं कारण तुम्हाला नाही.

प्रश्न: ताई, मी प्राणिशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. प्रकल्पासाठी फुलपाखरं आणि चतुर टिपायचे आहेत. वर्गमैत्रिणीकडे पी९०० आहे, तो आणून पाहिला, तर फुलपाखरू समोर दिसत असूनही फोकस होतच नाही. मी मागे सरकले की होतो, पण तेवढ्यात ते उडतं. काय चुकतंय? पैसे फार नाहीत, जुना कॅमेरा चालेल.

उत्तर: तुझं काही चुकत नाहीये. पी९०० पूर्ण झूमवर ताणलेला असताना साधारण पाच मीटरच्या अलीकडे फोकस करतच नाही, पी१००० तर सातच्या. लांबचं ओढून आणणाऱ्या भिंगाची ही दुसरी बाजू कॅमेरा विकताना फारसं कुणी सांगत नाही. जाहिरातीत ‘एक सेंटिमीटरपासून मॅक्रो’ (अगदी जवळून फोटो) असं लिहिलेलं असतं, ते खरं असतं, पण ते झूमच्या जवळच्या टोकाला. तिथं काच फुलपाखराच्या नाकाशी न्यावी लागते, आणि कुठलं फुलपाखरू तेवढ्या जवळ येऊ देतं? तुला हवं आहे ते दुरून जवळचं.

पैसा हाताशी असता तर पुन्हा सोनीचा आरएक्स१० मार्क ४ सांगितला असता. तो ६०० मिमीवर ७२ सेंटिमीटरपर्यंत फोकस करतो आणि चतुरासाठी याहून सोयीचं हत्यार मला ब्रिज कॅमेऱ्यांत दिसलेलं नाही. पण तुझ्यासाठी माझ्याकडे दुसरा मार्ग आहे आणि तो मला मनापासून आवडतो.

पॅनासॉनिकचा एफझेड३०० बघ. काही देशांत तो एफझेड३३० या नावाने विकला गेला. २०१५ चा आहे, जुना मिळेल. २५ ते ६०० मिमी, १२ मेगापिक्सेल, आणि सगळ्या पल्ल्यात एफ/२.८. म्हणजे झूम ताणल्यावरही उजेड कमी होत नाही. पाण्याच्या तुषारांना आणि धुळीला टिकेल असा बांधलेला आहे, ओल्या गवतात गुडघे टेकून बसणाऱ्या मुलीला हे लागतंच. त्याच्या तोंडाला ५२ मिमीचे आटे आहेत, फिल्टर सरळ बसतो. त्या आट्यांवर अधिक दोनची क्लोज-अप लेन्स लावायची. एकेरी काचेची स्वस्त मिळते, पण तिच्याने पंखांच्या कडांना जांभळट झालर येते. दोन काचा जोडून केलेली, अ‍ॅक्रोमॅट म्हणतात ती घे. पैसे वाचवायचेच तर कॅमेरा आणखी जुना घे, ही काच मात्र चांगली घे.

काम कसं चालतं ते सांगते. अधिक दोन म्हणजे अर्ध्या मीटरची काच. ती लावली की कॅमेरा ‘अनंत’वर फोकस असतानाही समोर ५० सेंटिमीटरवरची वस्तू स्पष्ट दिसते, झूम कितीही असो. एफझेड३०० ची खरी लांबी पूर्ण झूमला १०८ मिमी. हिशेब केला तर ५० सेंटिमीटरवरून चौकटीत जेमतेम तीन सेंटिमीटर रुंदीचा भाग येतो. नखाएवढं निळं फुलपाखरू पंख मिटून बसलेलं असलं तर त्याच्या मिशांवरचे काळे-पांढरे पट्टे मोजता येतील. चतुर मोठा, त्याला झूम निम्म्यावर आण, चौकट सहा सेंटिमीटरची होते. म्हणजे जागचं न हलता, फक्त झूमच्या खटक्याने मोठं-लहान करायचं.

ऑटोफोकसच्या भरवशावर राहू नकोस. अंतर साधारण ५० सेंटिमीटर धर, आणि श्वास सोडताना अंग किंचित पुढे-मागे कर. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळे स्पष्ट झाले की दाब. सकाळी लवकर जा. रात्रीच्या गारव्याने अंग आखडलेलं असतं तोवर फुलपाखरं आणि चतुर जागचे हलत नाहीत, काही वेळा पंखांवर दवही असतं. ऊन चढलं की तुला त्यांच्यामागे धावावं लागेल, आणि धावणाऱ्या माणसाला फुलपाखराचा फोटो मिळत नाही. लहान सेन्सरचा इथं उलट फायदाच आहे. जवळच्या फोटोत स्पष्टतेची खोली जास्त मिळते, त्यामुळे ओळख पटवायला लागणाऱ्या खुणा एकाच फोटोत येतात. प्रकल्पाला तेच हवं.

प्रश्न: दीड किलोमीटरवरचा मनोरा १२०० मिमीवर टिपला. दुपारी काढलेल्या वीस फोटोंत एकही स्पष्ट नाही, कडा वाकड्यातिकड्या. त्याच कॅमेऱ्याने जवळचं सगळं नीट येतं. भिंग बिघडलं असेल का?

उत्तर: भिंग ठीक आहे. तुम्ही दीड किलोमीटर तापलेल्या हवेतून बघताय. दुपारी एकदा कॅमेरा ट्रायपॉडवर लावा, पूर्ण झूम करा आणि पडद्यावर मनोऱ्याची कड मोठी करून बघत राहा. चुलीवरच्या वाफेमागची भिंत थरथरते तशी ती कड थरथरताना दिसेल. तापलेली आणि गार हवा एकमेकींत मिसळत असते, दोघी प्रकाश वेगवेगळा वाकवतात, आणि १२०० मिमी हे सगळं तुमच्यासमोर मोठं करून ठेवतं. याला महागातलं भिंगही अपवाद नाही.

सूर्योदयाच्या आसपास जा, किंवा पाऊस पडून गेल्यावर, किंवा आभाळ भरून आलेलं असताना. डांबरी रस्त्यावरून, पत्र्याच्या छपरावरून, वाळूवरून नजर जाईल अशी जागा टाळा, थोडं उंचावर उभं राहा. गाडीतून काढत असाल तर काच पूर्ण उघडा आणि इंजीन बंद करून थोडं थांबा, उघड्या खिडकीतली आतबाहेरची हवाही हाच खेळ करते. आणि तरी दुपारीच काढायचा असेल तर एकामागून एक पन्नास काढा. मधेच हवा क्षणभर स्थिरावते, त्यातला एखादा लागतो.

प्रश्न: माझ्याकडे पी९०० आहे. चंद्र घ्यायला गेलं की पांढरी थाळी येते, खड्डे दिसतच नाहीत. पौर्णिमेलाच काढतो, तरीही!

उत्तर: पौर्णिमेलाच काढता, तिथंच अर्धी अडचण आहे. पौर्णिमेच्या चंद्रावर ऊन आपल्या पाठीमागून, समोरासमोर पडतं, त्यामुळे खड्ड्यांना सावल्याच नसतात. अष्टमीच्या आसपास काढा. उजेड आणि अंधाराच्या सीमेवर ऊन तिरपं येतं, तिथल्या प्रत्येक खड्ड्याची एक कड चमकते आणि दुसरी काळी पडते. माझे आवडते फोटो सगळे त्याच सीमेवरचे आहेत. पौर्णिमेला टायकोच्या खड्ड्यातून फुटलेले पांढरे पट्टे तेवढे सुरेख दिसतात, त्यासाठी मात्र पौर्णिमाच हवी.

दुसरं, कॅमेरा काळं आभाळ बघून फसतो आणि उजेड वाढवतो. चंद्र म्हणजे भर उन्हात पडलेला खडक, रात्र आपल्याकडे आहे, त्याच्याकडे नाही. डायल एमवर घ्या, म्हणजे सगळं आपण ठरवायचं. एफ/६.५, आयएसओ १००, शटर पौर्णिमेला १/२५०, अष्टमीला १/६० पासून सुरुवात करा आणि एकेक पायरी वर-खाली करून बघा. ट्रायपॉडवर ठेवून दोन सेकंदांचा टायमर लावा, कंपरोधक बंद करा. डिजिटल झूम मेनूतून कायमचा बंद करून टाका.

२००० मिमीवर चंद्र चौकटीच्या उंचीचा साधारण सत्तर टक्के भाग व्यापतो आणि पृथ्वी फिरते म्हणून तीन-चार मिनिटांत चौकटीबाहेर निघून जातो. दर वेळी चौकट थोडी पुढे लावून ठेवा, तो त्यात चालत येईल.

कॅमेरा लावलेलाच असताना गुरू उगवलेला असेल तर त्याच्याकडेही वळवा, शटर थोडं मंद करून. शेजारी एका ओळीत तीन-चार ठिपके दिसतील. गॅलिलिओने १६१० मध्ये पाहिलेले ते हेच चंद्र. दुसऱ्या रात्री पुन्हा काढा, ठिपक्यांच्या जागा बदललेल्या असतील. मी हे शेजारच्या मुलांना पडद्यावर दाखवलं तेव्हा एका मुलीने दोन रात्रींचे फोटो एकाखाली एक ठेवून कोणता ठिपका कुठे गेला ते वहीत काढलं होतं.

सूर्याकडे मात्र असा कॅमेरा कधीच लावू नका. भिंगासमोर खास सौर फिल्टर नसेल तर सेन्सर जळतो.

प्रश्न: ब्रिज कॅमेरा जुना घ्यावा का? भिंग काढता येत नाही म्हणजे आत धूळ जात नाही असं ऐकलं आहे. घेताना काय तपासू?

उत्तर: घ्यावा, पण ऐकलेलं डोक्यातून काढून टाका. भिंग काढता येत नसलं तरी झूमची नळी पुढे-मागे होते, ती पिचकारीसारखी हवा ओढते आणि हवेबरोबर धूळ आत जाते. आणि गेली की ती तुम्हाला स्वतःला पुसता येत नाही.

बुरशीचं तर मी स्वतः भोगलं आहे. माझा पहिला लांब झूमचा कॅमेरा मी कातडी केसमध्ये घालून कपाटात ठेवला होता. दमट दिवस होते, चार महिने हात लावला नाही. काढला तेव्हा फोटो धुरकट यायला लागले. भिंगात विजेरी मारली तर आतल्या तिसऱ्या-चौथ्या काचेवर कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू, मधून फुटून कडेपर्यंत पसरलेले. दुरुस्ती करणाऱ्याने उघडून बघितला आणि सांगितलं की हा काचांचा संच सुटा होत नाही, पूर्ण भिंगच बदलावं लागेल, आणि तेवढ्यात दुसरा कॅमेरा येईल. त्या कॅमेऱ्याने मी पहिल्यांदा घारीच्या घरट्यातली पिल्लं पाहिली होती. टाकवत नाही, अजून ठेवलाय. तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसह, आत आर्द्रता दाखवणारा छोटा काटा. तो ४० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहील असं बघते. कातडी केसमध्ये पुन्हा कधी ठेवला नाही.

घेताना पहिलं काम हेच करा. झूम पूर्ण ताणा, विजेरी तिरपी धरून समोरून आत बघा, मग झूम आत घेऊन पुन्हा बघा. तंतू किंवा दुधाळ थर दिसला तर कितीही स्वस्त असला तरी नको. मग कॅमेरा एफ/८ वर ठेवून कोऱ्या आभाळाचा किंवा पांढऱ्या भिंतीचा फोटो काढा, तोही पूर्ण झूमला आणि झूम नसतानाही. दोन्हींत एकाच जागी करडा डाग आला तर धूळ सेन्सरवर आहे. एखादा बारीक डाग कोपऱ्यात असला तर मी घेईन, मधोमध असला तर नाही.

कान द्या. झूमची मोटर पूर्ण पल्ला एका सुरात गेली पाहिजे. मधेच अडखळली, खरखरली, किंवा दोनदा दाबल्यावर हलली तर नळीत वाळू असण्याची शक्यता आहे. पूर्ण ताणलेलं भिंग दोन बोटांनी हलकेच हलवून बघा. थोडं डुलणारच, पण खडखडलं तर सोडून द्या. कंपरोधक चालू-बंद करून दोन्हींत एकेक फोटो काढा, फरक स्पष्ट दिसायला हवा. व्ह्यूफाइंडरमध्ये डोळा लावून एखादं मिनिट बघा, काळे ठिपके किंवा रेघा आहेत का. बॅटरी जुन्या कॅमेऱ्याबरोबर येते ती थकलेलीच धरा, नवीन दोन घ्याव्या लागतील. या कॅमेऱ्यांना बॅटरी फार लागते, पी१००० नवा असतानाही एका चार्जमध्ये सुमारे २५० फोटो देतो.

हे सगळं नीट बघायला अर्धा तास लागतो. भेटायची वेळ दिवसाउजेडी ठरवा, आणि स्वतःचं रिकामं मेमरी कार्ड घेऊन जा. फोटो घरी आणून मोठ्या पडद्यावर बघा आणि मगच हो म्हणा.